हाताने चालणारी गाडी

या, असे जवळ सरकून बसा. मागे उभ्या असलेल्यांनीही पुढे यावं. जागा आहे, आणि नसली तरी जरा अंग चोरलं की होते. एक गोष्ट सांगायची आहे. तीत कोणी शूर नाही, कोणाला धन सापडत नाही, कोणाचा जीवही जात नाही. एका बाईने गाडी विकायला काढली आणि तिच्या तोंडून एक शब्द निसटला, एवढीच गोष्ट. पण देवाने माणसाला जीभ दिली, तिच्यावर ओठांचं झाकण दिलं, आणि ते कधी उघडायचं नि कधी मिटायचं हे मात्र आपल्यावर सोडलं. फार मोठा विश्वास टाकला म्हणायचा. मन लावून ऐका.

“जाते रे,” असं ती फोनवर म्हणाली, “आत्ताच,” आणि तिने फोन बंद केला. मोठ्या दुकानासमोर गाड्या लावायचं आवार होतं, तिथे भर दुपारी निळ्या गाडीच्या टपावर तळहात ठेवून ती उभी होती. टप तापला होता, हात भाजत होता, तरी तो उचलावासा वाटत नव्हता. एवढंच बोलली. आणखी काही बोलायला गेली असती तर रडू फुटलं असतं, आणि परक्या माणसासमोर रडायचं नाही हे घरून निघतानाच ठरलं होतं. परका माणूस गाडीतून उतरून पलीकडच्या दाराशी उभा होता, रुमालाने मान पुसत. फोन भावाचा होता. त्याला सांगायचं होतं ते साधं होतं: गाडी जाते. ठरलं, हा माणूस घेतोय, आपली गाडी आता जाते. दिवसभर छापखान्यात बसून लोकांच्या लिहिण्यातल्या चुका काढणं हे तिचं काम. एखादा काना चुकला तर दुरून दिसायचा. पण आपल्या भाषेत गाडीचं जाणं आणि बाईचं जाणं एकाच शब्दात मावतं, आणि तो शब्द त्या दिवशी वापरायचा नव्हता, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा आवाराच्या फाटकातून पावलं धावत येत होती.

भावाला घरात सगळे मुकादम म्हणत. वयाने तिच्याहून लहान, पण सगळ्यांच्या वाटची काळजी त्याने एकट्याने उचललेली, आणि काळजी करणाऱ्याचा आवाज नेहमी वरच्या पट्टीतला. गाडीची जाहिरात त्यानेच मोबाइलवरून टाकली. नंबर कोणाला दिसू नये म्हणून पाटीवर टॉवेल टाकून फोटो काढले. “टॉवेल बघून लोकांना वाटेल गाडी आंघोळीला निघाली,” ती म्हणाली, पण तो हसला नाही. त्याने लिहिलं होतं, ‘अपंगांसाठी विशेश गाडी’. तिने आधी सवयीने विशेष नीट केलं, मग सगळीच ओळ खोडून लिहिलं, ‘हाताने चालणारी गाडी’. तिचा नवरा असंच म्हणायचा. त्याच्या पायांत लहानपणापासून जोर नव्हता. स्टिअरिंगच्या चाकाच्या उजव्या अंगाला त्याने एक दांडी बसवून घेतली होती, पुढे ढकलली की ब्रेक लागायचा, जवळ ओढली की वेग यायचा, गिअर आपोआप पडायचे. कुबड्या मागच्या सीटवर टाकायचा आणि दार लावताना म्हणायचा, “चाकाशी बसलं की मी उभा असतो बघ.” दर आठवड्याला त्या दांडीच्या सांध्यात तेल घालायचा, बोटाने चाचपून बघायचा, इतकंसं ढिलं वाटलं तरी कारखान्यात नेऊन उभा राहायचा, म्हणजे बसायचा. तो गेल्यावर गाडी दाराशी तशीच. तिला चालवता येत नव्हती. ती सकाळी काच पुसायची आणि आत बसायची, तिच्या रोजच्या जागेवर, डावीकडे, आणि चालकाच्या जागेकडे बघायची नाही.

अशी गाडी हवी असणारी माणसं जवळपास कुठून मिळायला? विचारणा आली ती लांबलांबून. एकाने सांगितलं, गाडी ट्रकवर चढवून पाठवा, पैशांचं मागून बघू. एक जण म्हणाला, मी मोठ्या साहेबांच्या वतीने बोलतोय, साहेब परगावी आहेत, तुम्हीच आधी थोडी रक्कम भरा म्हणजे आमचा माणूस निघेल. एकाने गाडीबद्दल चकार शब्द न काढता विचारलं की दुपारी घरी कोण असतं. तेव्हापासून मुकादम खवळला. तिलाही वाटलं होतं की घराच्या भिंतींना कोणीतरी बाहेरून हात लावून पाहतंय. त्या दुपारी ती खिडकी लावून बसली. म्हणून उगाच भित्री होती असं तिला म्हणू नका. भीती खरीच होती, तिला कारणंही होती.

मग एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे शाळेत गणित शिकवणारी, चांगली मोठी बाई, पण आवाजात खळखळाट. “काकू, दांडी किती जड आहे हो? ओढताना मनगट भरून येतं का?” असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. इतर सगळे विचारायचे, गाडी किती पळाली. मुलगी म्हणाली, तिला चालता येत नाही, वडील रोज स्कूटरवर बसवून शाळेत सोडतात, परत आणतात, तोवर दुकान बंद. त्यांचं चष्म्याचं दुकान. “गिऱ्हाईक येऊन म्हणतं, दुकान बंद आहे हे आम्हाला दिसलंच नाही. आता चष्माच नाही तर कसं दिसणार!” ती स्वतःच हसली. मला बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, बाबा येतील बघायला, म्हणाली. “बाबा धिप्पाड आहेत, घाबरू नका. आवाजही ढोलासारखा. आत सगळा कापूस आहे.”

“हीच तर पद्धत असते,” मुकादम म्हणाला. “आधी बाईमाणूस गोड बोलतं, मग बाप म्हणून भलताच उगवतो.” त्याने नियम सांगितले. घरी बोलवायचं नाही, पत्ता द्यायचा नाही. माझ्या कचेरीसमोर मोठं दुकान आहे, तिथे कॅमेरे आहेत, रखवालदार आहे, गाडी सकाळीच तिथे लावून ठेवतो. भर दिवसा भेटायचं. अस्सल कागद घरी, नकला बरोबर. त्याच्या लायसनचा फोटो आधी घ्यायचा. चावी हातात द्यायची नाही, त्याच्याबरोबर गाडीत बसायचं नाही.

“मग विकायची कशी? मंत्र म्हणून?”

“चेष्टा नको, ताई. मी वर ऑफिसात असणार, माझी खिडकी नेमकी मागच्या बाजूला. मी मधेमधे फोन करीन. तो शेजारी उभा असेल तर ‘मला वाचव’ कसं म्हणशील?”

“तू सांग.”

“म्हणायचं, दूध उतू गेलं.”

“गाड्यांच्या आवारात दूध?”

तो विचारात पडला. मग त्याने मांडीवर थाप मारली. “आपल्या घरात निघताना ‘जाते’ कोण म्हणतं? कोणी नाही. आईने जीभ चावायला लावली असती. आपण ‘येते’ म्हणतो. ठरलं तर. सगळं नीट असेल तर फोन ठेवताना म्हण, ‘येते’. काही वेडंवाकडं असेल तर म्हण, ‘जाते’. त्याला वाटेल बाई निरोप घेतेय. मला कळेल.” स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला की तिला त्याचा पापा घ्यावासा वाटला, लहानपणी घ्यायची तसा. तिने मान डोलावली. तो शब्द घरात खरंच कोणी उच्चारत नसे. नवऱ्याच्या बाबतीत मात्र सगळ्यांनी उच्चारला. कालपर्यंत दाराशी येणारा माणूस एका सकाळी ‘गेला’ झाला. शेजारपाजारचे, कचेरीतले, फोनवरचे, जो तो तेच म्हणत राहिला, गेले ना, कळलं आम्हाला, गेले. तेव्हापासून तिच्या मनात ते क्रियापद त्याच्याच मालकीचं झालं होतं. गाडी जायची वेळ आली तेव्हा तिच्या ओठांवर दुसरा कुठला शब्द येणार होता?

चष्मेवाले आले ते खरोखरच दार भरून टाकतील असे. रात्रभर बसमध्ये अवघडून आलेले, खांद्याला कापडी पिशवी. लायसन मागायच्या आधीच त्यांनी पुढे केलं. “मुलगी म्हणाली, ते आधी दाखवा. बाई एकट्या आहेत, त्यांना बरं वाटेल.” तिने फोटो घेतला तेव्हा कान गरम झाले. त्यांची एक सवय मात्र तिला सोसवेना. ते बोलताना डोळ्यांत बघायचे. डोळ्यांत म्हणजे अगदी बुबुळांत, मान थोडी वाकडी करून, जवळ येऊन. ती मागे सरकली की आणखी पुढे. तिने पदर सावरला, पर्स पोटाशी धरली. “उजव्याचा नंबर वाढलाय तुमच्या,” ते एकदम म्हणाले, “आणि चष्मा नाकावर उतरतोय. रागावू नका, धंद्याची खोड आहे.” ती हसली, पण पर्स तशीच धरून राहिली. फोन आला. “सगळं ठीक?” “ठीक. येते,” ती म्हणाली, आणि नियमाप्रमाणे बोलल्याचं शाळकरी समाधान तिला झालं.

मग त्यांनी पिशवीतून एक चपटी उशी काढली, मुलीच्या खुर्चीतली, आणि पांढऱ्या सुताची एक लांब दोरी. दोरीला गाठी होत्या. त्यांनी एकेक गाठ चिमटीत धरून तिला समजावलं. “ही खांद्यापासून कोपरापर्यंत. ही मुठीपर्यंत. ही पाठीपासून गुडघ्यापर्यंत. तिला इथवर आणायचं म्हणजे तिचा जीव घ्यायचा. म्हटलं, तिचा हात घेऊन जातो.” उशी सीटवर ठेवली, सीट पुढे-मागे केली, दोरीचं एक टोक सीटच्या पाठीला धरून दुसरं दांडीपर्यंत ताणलं. गाठ दांडीच्या मुठीला टेकली. ते तसेच थांबले. तिने चावी दिली. भावाचा नियम मोडतोय हे कळत असून दिली. त्यांनी आवारातच सावकाश एक फेरी मारली, पाय आखडून, फक्त हाताने. पहिल्यांदाच असं चालवत होते, गाडी दोनदा उसळली, एका खांबाजवळ दचकून थांबली. थांबली मात्र तिथल्या तिथे, जशी नेहमी थांबायची. परत येऊन त्यांनी काच खाली केली, मुलीला फोन लावला, आणि त्या ढोलासारख्या आवाजाचं काय झालं कोण जाणे, अगदी बारीक आवाजात म्हणाले, “पोचतो गं. तुझा हात पोचतो.”

पलीकडून काय उत्तर आलं ते तिला ऐकू आलं नाही. फक्त त्यांची मान दिसली, मागून, घामाने ओली, आणि ती हलत होती, हो, हो, हो. ते उतरले. “आमच्याकडून ठरलं,” म्हणाले. तिने टपावर हात ठेवला. तेवढ्यात फोन थरथरला, आणि ती ते “जाते रे” म्हणाली.

म्हटल्यावर डोळे भरले ते भरलेच. तिने चष्मा काढला. चष्मेवाले वळसा घालून आले. “काय झालं? काही गेलं का डोळ्यांत? चोळू नका, चोळू नका. थांबा, बघू.” खिशातून पेनाएवढी बॅटरी काढली, एका हाताने तिची हनुवटी वर केली, अंगठ्याने खालची पापणी ओढली, दुकानात दिवसभर करत असतील तसं. प्रकाश डोळ्यांत घुसला आणि सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यात तिला ऐकू आलं, “ए! हात काढ! हात काढ म्हणतो ना!”

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी दिसलं, चष्म्याशिवाय, धूसर. भावाचा हात त्यांच्या गळ्याशी, शर्टाची कॉलर पिळलेली. कचेरीतले दोघे जण, एकाने त्यांचा दंड मागे मुरगळलेला. रखवालदाराची शिट्टी. एवढा थोरला देह गाडीच्या दारावर आपटला तेव्हा पत्रा वाजला. बॅटरी फरशीवर पडून जळत राहिली. “ताई, काय केलं याने? तू बाजूला हो. तू घाबरू नको, आम्ही आलोय.” भावाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, तो जिने उतरून धावत आला होता आणि जिन्यावर त्याने काय काय पाहिलं असेल ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर होतं. दुकानातून लोक बाहेर आले. सामानाच्या पिशव्या खाली ठेवून कोणी कोणी मोबाइल वर धरले.

“अहो, त्यांच्या डोळ्यांत—” चष्मेवाले म्हणाले.

“डोळ्यांत काय? भर दिवसा? दांडगाई करतो?”

“परगावचा दिसतो.”

“पिशवी बघा त्याची.”

रखवालदाराने पिशवी बॉनेटवर उपडी केली. जेवणाचा रिकामा डबा, दाढीचं सामान, घडी केलेला शर्ट, ती चपटी उशी, आणि ती दोरी. त्याने ती दोन बोटांनी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी. “आणि हे? हे कशाला? बांधायला?” गर्दीतून एक बाई “अगं आई गं” म्हणाली. दोरी उन्हात लोंबत होती, आणि तिच्यावरची प्रत्येक गाठ या बाईला पाठ होती. खांदा, कोपर, मूठ.

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. आत्ताच त्यांनी तिला एकेक गाठ समजावली होती, तेव्हा सांगायचं तर तिनेच. ते नुसते वाट बघत राहिले. त्यांना खात्री होती. ती खात्री तिला दिसली, चष्मा नसतानाही दिसली. आणि तिच्या तोंडात जीभ जड होऊन पडली. वाक्य तयार होतं. मी गाडीबद्दल बोलले, चूक माझी, यांची मुलगी आहे, ही तिच्या हाताची दोरी आहे. छापायला गेलेल्या मजकुरासारखं एकही काना-मात्रा न चुकलेलं वाक्य. पण ते बोललं की भाऊ कचेरीतल्या माणसांसमोर मूर्ख ठरणार. इतकी धावपळ, इतके मोबाइल, आणि कारण काय, तर बाईला बोलायचं भान नव्हतं. त्याखाली आणखी एक होतं, काळं, लहानसं: पापणी ओढली गेली त्या क्षणी तीही घाबरली होती. क्षणभर तिनेही तेच मानलं होतं. मग हे सगळं अगदीच खोटं कसं? असं मन हिशेब मांडत राहिलं, आणि वेळ सरत गेला, आणि जे पहिल्या श्वासाला सोपं होतं ते दहाव्या श्वासाला डोंगराएवढं झालं. शेवटी ती बोलली. काय बोलली ऐका.

“सोडा त्यांना,” ती म्हणाली. “जाऊ द्या. माझी काही तक्रार नाही.”

लोक हळहळले. “बाई फार मोठ्या मनाची.” “दुसरी असती तर पोलिसात दिला असता.” भावाने कॉलर सोडली. “ताईमुळे सुटलास,” तो म्हणाला, “परत या बाजूला दिसू नकोस.” चष्मेवाल्यांनी सामान गोळा केलं. घाई केली नाही. शर्टाची घडी विस्कटली होती ती पुन्हा घातली, रखवालदाराच्या हातातून दोरी घेतली, पंजाभोवती गुंडाळली. तिच्याकडे मात्र परत पाहिलं नाही. बुबुळांत बघणारा तो माणूस खालच्या फरशीकडे बघत फाटकातून बाहेर पडला, आणि एवढा धिप्पाड देह किती अरुंद होऊन चालू शकतो ते तिने पाहिलं.

भाऊ गाडी चालवत होता, ती डावीकडे. तो बोलत होता, म्हटलं नव्हतं का, म्हटलं नव्हतं का मी. तिच्या कानांवर ते येत होतं आणि आत दुसरंच काही उघडत होतं. छापखान्याचं फाटक. लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं. नवरा तिला घ्यायला यायचा, आणि तिने एकदा लाडाने म्हणावं तसं म्हटलं होतं, फाटकाशी कशाला थांबता, गर्दी असते, मागच्या गल्लीत थांबत जा ना. गर्दी नसायची. कुबड्या मागच्या सीटवर दिसायच्या, आणि फाटकातून बरोबरच्या बायका बाहेर पडायच्या, एवढंच. त्याने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडी गल्लीत. “इथे सावली बरी आहे,” तो म्हणाला. त्या गल्लीत सावली नव्हती. बोडकी भिंत आणि पश्चिमेचं ऊन. तो तिथे काच खाली करून बसलेला असायचा, कपाळावर घाम, आणि ती दिसली की हसायचा. कितीतरी वर्षं तो त्या नसलेल्या सावलीत थांबला. आपल्याला कोणी काही बोललं नाही म्हणजे आपलं काही चुकलं नाही, असं तिला वाटत आलं होतं. गाडी सिग्नलला थांबली. शेजारच्या स्कूटरवर एक माणूस आणि मागे एक मुलगी बसली होती, भलतीच कोणी, आणि तिने मान फिरवली.

संध्याकाळी तिने भावाला सांगितलं. दिवे लावायची वेळ होती, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “मी गाडीबद्दल बोलले होते. गाडी जाते, असं.”

त्याला आधी उमगलं नाही. मग उमगलं. पाण्याचा पेला त्याने खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. “पण तो तुझ्या तोंडाला हात—”

“डोळा बघत होते. मी रडत होते म्हणून.”

“आणि ती दोरी?”

तिने सांगितलं. तो खुर्चीत बसला. सगळ्यांना दरडावणारा तो मुकादम, त्याच्या हाताची बोटं एकमेकांत अडकली आणि सुटेनात. मग त्याने विचारलं, दरडावून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून, “ताई, मग तेव्हा का नाही बोललीस गं?”

ती भांडं पुसत राहिली. ते कोरडंच होतं.

“मी बोलतो त्यांच्याशी. पाय धरतो.”

“नको. माझं आहे ते.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने फोन केला. रात्रभर वाक्यं जुळवली होती, खोडली होती, पुन्हा लिहिली होती. गाडी मी स्वतः पाठवते, भाऊ घेऊन येईल, तुमच्या दारात उभी करील, हवी ती किंमत द्या, आधी माफी. पण नंबर मुलीचाच होता, आणि फोन मुलीनेच घेतला.

“काकू! अहो, मीच तुम्हाला करणार होते. आभार मानायचे होते तुमचे.”

“माझे?”

“बाबांनी सांगितलं सगळं.” तिने डोळे मिटले. “म्हणाले, गाडी छान आहे, माझा हात पोचतो, सगळं जुळलं होतं. पण बाईंनी स्वतःहून सांगितलं की ब्रेकची दांडी मधेच घसरते, तुमच्या मुलीच्या जिवाशी खेळ नको, घेऊ नका. असं कोण सांगतं हो हल्ली? विकायला बसलेलं माणूस! मी रडले थोडी, खोटं कशाला बोलू. पण शाळेत आज पोरींना सांगितलं तुमचं. म्हटलं, अशीही माणसं असतात.”

ती भिंतीला टेकली. त्या दांडीने आयुष्यात कधी दगा दिला नव्हता. पलीकडे दुकान असावं. काचेच्या कपाटाचं दार सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी अक्षरं वाचत होतं, मोठी, मग लहान, मग चुकीची.

“काकू, एक विचारू?” मुलीचा आवाज खाली आला. “ते घसरणं दुरुस्त होण्यासारखं नाही का? म्हणजे मी उगाच आपली... दोरी लावून बघितलेली गाडी परत कुठे मिळायची, म्हणून.”

“होईल,” ती घाईने म्हणाली, “होईल की. मी करून घेते दुरुस्त. मी स्वतः घेऊन—”

“कोणाचा फोन?” लांबून आवाज आला, ढोलासारखा.

“गाडीवाल्या काकू. बाबा, त्या म्हणतायत दुरुस्त होईल!”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर, जवळ आलेला श्वास. “बोला,” चष्मेवाले म्हणाले. आवाज मोकळा होता, हसरा म्हणावा इतका. शेजारी मुलगी ऐकत होती.

“मला माफ करा,” ती म्हणाली.

“हां हां, दांडीचं म्हणताय ना. कळलं मला.”

“मी तेव्हा बोलायला हवं होतं. मला सगळं माहीत होतं, आणि मी बोलले नाही.”

“असतं असं. कधीकधी ऐन वेळेला लागतच नाही. जुनी वस्तू आहे.”

“गाडी मी तुमच्याकडे पाठवते. मुलीसाठी. तुम्ही नाही म्हणू नका.”

“नाही, नाही. एकदा घसरली ना, मग मनात राहतं. गाडीत बसलं की रोज तेच आठवायचं.”

“मी तिला खरं काय ते सांगू का? म्हणजे तुम्हाला—”

“ते मुळीच नको.” आवाज तेवढ्यापुरता दगडासारखा झाला आणि लगेच पुन्हा मऊ. “तिला तुमचं फार कौतुक वाटलंय. ते राहू द्या. आम्ही दुसरी बघतोय. ठेवतो, गिऱ्हाईक आहे.”

फोन बंद झाल्यावरही तिने तो कानाशी तसाच धरला होता.

संपली गोष्ट. गाडी अजून तिच्या दाराशी उभी आहे. कोणी विचारलं तर ती सांगते, ब्रेकची दांडी घसरते, आणि हे सांगताना घरात शिरून दार लावून घ्यावंसं वाटतं तिला. तिच्यासाठी मी तुमच्याकडे काही मागत नाही. तिचं देव बघेल, आणि देव माणसाला फार दिवस अवघडलेलं ठेवत नाही असा माझा भरवसा आहे. मागणं आहे ते त्या मुलीसाठी. लांबच्या एका गावात वडिलांच्या पाठीला धरून स्कूटरवर बसणारी, पोरींना बेरजा-वजाबाक्या शिकवणारी ती मुलगी. वर्गात खरेपणाची गोष्ट निघाली की ती या बाईचं उदाहरण देते, आणि संध्याकाळी घरी समोर बसलेला दुकानदार बाप ते पुन्हा ऐकून मान डोलावतो. कधी हात जोडलेत तर तिला आठवा. तिचा हात पोचेल अशी एखादी गाडी तिला मिळो, एवढं म्हणा.